‘त्सुया’ची चिठ्ठी

कोशाच्या कचेरीतून निघताना खिशात
सत्तावीस कोऱ्या चिठ्ठ्या होत्या
आणि डोक्यात एकच शब्द: त्सुया.
कानाझावाहून बस. खिडकीबाहेर करडा समुद्र.
वाजिमाला उतरलो तेव्हा बर्फ आडवा पडत होता.

किनुएबाई लाखेच्या भांड्यांवर शेवटचा हात फिरवतात.
हातच. फडकं नाही, कुंचला नाही,
तेलाचा थेंब, शिंगाची राख
आणि उघडा तळवा.
पंचावन्न वर्षांत बोटांवरचे ठसे झिजून गेले.
“बँकेतलं यंत्र मला ओळखत नाही,”
म्हणाल्या, आणि त्याचंच त्यांना हसू आलं.

मी शाळकरी पोरासारखं सगळं म्हणून दाखवलं:
अक्षर दोन तुकड्यांचं,
डावीकडे ‘विपुल’, उजवीकडे ‘रंग’.
नव्या तांदळाच्या भाताला त्सुया असते,
धुतलेल्या केसांना, मुरलेल्या गळ्याला;
चोरून केलेल्या प्रेमालाही लोक हाच शब्द लावतात.
मूळ?
कुणी दवाकडे बोट दाखवतो.
छातीठोकपणे कुणीच काही सांगत नाही.

त्या ऐकत होत्या की नव्हत्या, कळेना.
वाडगा मांडीवर फिरत राहिला.
“आधी ती मारावी लागते.”
कोण?
“तीच तुमची. लाख वाळली की वरवर चमकते,
पाहुण्यांपुढच्या हसण्यासारखी.
कोळशाने घासून ती पार घालवायची.
भांडं आंधळं झालं पाहिजे.
मग आत काही असेल तर हाताने वर बोलवायचं.
नसेल तर नाही.”

मी लिहून घेतलं.
त्सुयाकेशी: चमक घालवणे.
दुसरा अर्थ, रंगाचा बेरंग करणारं बोलणं.
“त्या अर्थाला उदाहरण म्हणून
तुमचंच नाव घाला,” किनुएबाई म्हणाल्या.

पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या भाचीचा फोन, चिनात्सुचा:
“मावशी गेली. आज रात्री त्सुया.”

क्षणभर मी भलताच शब्द ऐकला.
उच्चार तोच, फक्त आवाजाचा चढ निराळा,
लिहायची अक्षरं निराळी: ‘आरपार’ आणि ‘रात्र’.
मयताजवळ जागून काढायची रात्र.
वीस वर्षं मी नव्या पोरांना बजावत आलोय,
आवाज सारखा म्हणून सोयरीक मांडू नका.

मेणबत्ती विझू द्यायची नसते.
एक उदबत्ती संपायच्या आत दुसरी लावायची.
पहाटे तीनला माझी पाळी आली.
बाकीचे शेजारच्या खोलीत, कुणीतरी घोरत होतं,
किटलीचं झाकण मधूनच थडथडायचं.
त्यांचे हात जोडून वर माळ गुंडाळली होती,
म्हणजे तळवे आतच. दिसले नाहीत.

उशाशी एक वाडगा ठेवला होता, अर्धाच झालेला.
एका अंगाला काळोख इतका खोल
की मेणबत्तीची ज्योत त्यात न थरथरता उभी.
दुसरं अंग आंधळं,
त्यात ना ज्योत, ना मी.
का कोण जाणे, मी त्या आंधळ्या बाजूवर तळवा ठेवला
आणि फिरवला, त्या फिरवायच्या तसा.

उचलला तेव्हा माझ्या पाच बोटांचे ठसे
मास्तरांनी लाल शाईने खुणा कराव्यात तसे स्पष्ट.
बाहीने पुसायला गेलो तर चिनात्सु दारात उभी.
“राहू द्या,” म्हणाली,
आणि नवी उदबत्ती लावली.

जुन्या पोथ्यांत हाच शब्द जोडीने येतो, त्सुयात्सुया,
आणि पुढे नकार असला की अर्थ होतो: मुळीच नाही.
मला त्सुयात्सुया कळलं नाही.
हे व्याकरणाला धरून आहे.

सव्वीस चिठ्ठ्या कचेरीत जमा केल्या.
सत्ताविसावी माझ्याकडेच आहे, अजून कोरी.
तिच्या कोपऱ्याला तेलाचा डाग पडलाय.
दिव्यासमोर धरली
तर तेवढ्याच जागेतून पलीकडचं दिसतं.